तिकिटाची साक्ष

रत्नागिरीच्या आमच्या घरात, पणजोबांच्या थोरल्या भावाच्या पेटीत, मला एक रिकामे पाकीट सापडले. पत्ता पणजीच्या नावाचा, अक्षर पणजोबांचे, शिक्का पुसलेला. ते तर १८९७ साली मुंबईच्या प्लेगात गेले, असे आम्ही ऐकत आलो!

वर राणी व्हिक्टोरियाचे अर्ध्या आण्याचे तिकीट. लंडनला छापलेले हे तिकीट १८८३ पासून निळसर हिरवे असे. पोपटी छटा १९०० साली आली. दिव्याखाली दोन्ही सारखीच भासतात, म्हणून दिवसाउजेडी खिडकीशी धरले. उन्हाने रंग विटतो, म्हणून मुडपलेली कडही उलगडली. तीही पोपटीच.

म्हणजे निदान १९०० पर्यंत पणजोबा हयात होते. पणजीने मात्र १८९७ लाच कुंकू पुसले होते. पाकीट तिच्या हाती पडलेच नसावे.