आटपाडीच्या माळावरचं स्वतंत्रपूर

औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ कैद्यांची एक वसाहत वसवली आणि तिला भिंत घातलीच नाही. नाव ठेवलं स्वतंत्रपूर.

त्याच वर्षी जानेवारीत राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती दिला होता. त्यासाठीची घटना गांधीजींच्या सल्ल्याने तयार झाली. या सगळ्या धडपडीत राजपुत्र अप्पासाहेब पंतांबरोबर मॉरिस फ्रीडमन हा वॉर्साचा इंजिनिअर होता. बंगळूरच्या कारखान्यातली मोठी नोकरी सोडून, ‘भारतानंद’ नाव घेऊन तो औंधात आला. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांना मोकळ्या रानात जमीन कसायला द्यावी, ही कल्पना त्याची. ती मान्य करणाऱ्या राजाचं धाडसही तितकंच मोठं. संस्थान इनमिन बहात्तर गावांचं. एखादा कैदी पळाला असता तर हद्द ओलांडायला त्याला वेळ लागला नसता.

शिवाय मुलूख माणदेशाचा. पाऊस कमी, माळ खडकाळ.

येरवड्यासारख्या बंदिस्त कारागृहात दिवस मोजणीने उजाडतो आणि बराकीला कुलूप लागलं की संपतो. स्वतंत्रपुरात दिवस पिकाच्या तालावर चालतो. नांगरट, पेरणी, खुरपणी, पाणी, राखण. हजेरी इथेही आहे आणि शिक्षाही चालूच असते. लांब मुदतीच्या कैद्यांपैकी बंदिस्त तुरुंगात चांगली वर्तणूक दाखवलेल्यांनाच इथे आणतात. इथल्या कैद्याला बायकामुलांसह राहता येतं, आणि या वसाहतीचा खरा प्राण यातच आहे. घरात चूल पेटलेली, रानात ज्वारी उभी असताना माणूस पळून जाईल कुठे?

याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा लिहिली. गदिमा याच भागातले, शेटफळ्याचे. काही काळ औंधला शिकलेले. व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट १९५७ साली आला आणि पुढच्या वर्षी बर्लिनला गौरवला गेला. त्यातले सहा कैदी जेलर आदिनाथच्या नजरेच्या धाकाने सुधारतात. चित्रपट म्हणून ते विलक्षण प्रभावी आहे. पण कैद्यांचा संसार त्यात नाही, आणि स्वतंत्रपूरचं सगळं वेगळेपण त्या संसारातच होतं.

१९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजा गेला, वसाहत राहिली. आज ती महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे. पुढे येरवडा, पैठण इथेही खुली कारागृहं झाली. कुटुंबासह राहण्याची सोय मात्र स्वतंत्रपूरच्या मोजक्या कैद्यांपुरतीच राहिली. राज्यातल्या तुरुंगांत आज क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबलेली आहेत. अशा वेळी माणदेशातला हा प्रयोग इतर जिल्ह्यांत का नेला नाही, याचं उत्तर सरकारने द्यायला हवं.