यंत्राचा निवाडा आणि राज्याचे उत्तरदायित्व

२०२४ सालच्या मध्यास जगातील १३८ देशांची एक तुलनात्मक यादी प्रसिद्ध झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेचा कारभार कोणता देश किती जबाबदारीने चालवतो, हे मोजावे असा त्या यादीचा हेतू होता. तीत पहिला क्रमांक लागला तो नेदरलँड्सचा; म्हणजे आपण ज्याला सवयीने हॉलंड म्हणतो त्या देशाचा. आता ह्याच देशाच्या इतिहासातील दुसरी एक तारीख पाहावी. १५ जानेवारी २०२१ रोजी तेथील पंतप्रधान मार्क रुटे ह्यांच्या सबंध मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. परकीय आक्रमण नव्हते, की तिजोरीत खडखडाट नव्हता. हजारो निरपराध आईबापांना सरकारने लबाड ठरवून देशोधडीला लावले, हे सिद्ध झाले होते; आणि कोणावर संशय घ्यावा हे ठरवण्याच्या कामात एका संगणकीय यंत्रणेचा हात होता.

पहिला क्रमांक आणि राजीनामा, ह्या दोहोंची संगती कशी लावावी? हा प्रश्न केवळ हॉलंडचा नाही. ज्या राज्ययंत्राने यंत्रबुद्धीला कचेरीत खुर्ची दिली, त्या प्रत्येक राज्याची परीक्षा कोणत्या मापाने घ्यावी, हा प्रश्न त्यात आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही प्रथम इतिहासाकडे वळतो.

वलंदेज हे नाव मराठी इतिहासाच्या वाचकाला परके नाही. सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती, आणि तेथील वखारवाल्यांनी वरिष्ठांना धाडलेली पत्रे शिवकालाच्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात. लिहून ठेवणे, नोंदवणे, वर्गवारी लावणे, हा त्या राष्ट्राचा जुना गुण. परंतु चोख दप्तर हे दुधारी असते, हेही त्यांनी फार मोठी किंमत देऊन अनुभवले आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तो देश व्यापला तेव्हा नागरिकांच्या नोंदवह्या अशा व्यवस्थित होत्या की, ज्यूंना हुडकून काढणे त्यांना सोपे गेले. सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. २७ मार्च १९४३ च्या रात्री विलेम आरोंडेउस, खेरिट फान डर फेन प्रभृती देशभक्तांनी ॲम्स्टरडॅमच्या नोंदणी कचेरीवर हल्ला करून दप्तराला आग लावली. आपल्याच देशाची कागदपत्रे जाळणे हे तेथे देशकार्य ठरले! ही आठवण पुढेही राहिली. १९७१ च्या जनगणनेला तेथे मोठा विरोध झाला, आणि त्यानंतर घरोघर फिरून करण्याची जनगणना त्या देशात पुन्हा झाली नाही.

अशा सावध लोकांच्या देशात पुढचे घडले, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

नोकरी करणाऱ्या आईबापांना पाळणाघराचा खर्च परवडावा म्हणून तेथे सरकार अनुदान देते. २००५ पासून हे अनुदान करखात्यामार्फत आगाऊ दिले जाऊ लागले. हिशोब मागाहून व्हायचा. कायद्याचा अर्थ खात्याने असा लावला की, पालकाने आपल्या वाट्याची रक्कम पूर्ण भरली नाही, एखादा कागद अपुरा राहिला, तर तेवढ्यापुरते नव्हे, सबंध वर्षाचे अनुदान परत घ्यायचे. सर्व किंवा काही नाही. थोड्याशा त्रुटीपायी हजारो युरोंचे देणे अंगावर येऊ लागले, आणि प्रशासकीय दाव्यांचे सर्वोच्च न्यायासन असलेल्या राज्यपरिषदेने हा कठोर अर्थ वर्षानुवर्षे उचलून धरला.

२०१३ च्या वसंतात बल्गेरियातून आलेल्या एका टोळीने खोट्या पत्त्यांवर अनुदाने उकळल्याची बातमी फुटली. संसदेत गदारोळ झाला. लबाडांना ठेचा, अशी मागणी सर्व बाजूंनी झाली. त्याच वर्षापासून करखात्याने अर्जांसाठी एक संगणकीय चाळणी वापरावयास घेतली. मागील अर्जांतील चुका पाहून ही यंत्रणा आपली आपण शिकत असे, आणि प्रत्येक नव्या अर्जाला धोक्याचे गुण देत असे. ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याचा अर्ज कारकुनाच्या मेजावर तपासणीसाठी जाई. गुण ठरवण्याच्या घटकांत एक घटक होता : अर्जदार डच नागरिक आहे की नाही. गुण अमुकच का पडले, हे मात्र त्या कारकुनाला कळत नसे. त्याच्यापुढे येई तो नुसता आकडा.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. सारा अनर्थ यंत्राने केला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. कायदा माणसांनी केला, त्याचा निर्दय अर्थ माणसांनी लावला, आणि वसुलीची पत्रे माणसांच्याच सहीने गेली. खात्याची अनेक प्रकरणे तर ह्या चाळणीवाचूनच उभी राहिली होती. यंत्राने केले ते एवढेच : माणसांच्या मनातील संशयाला त्याने गणिताचा पोशाख चढवला. आणि गणिताशी वाद कोण घालणार? लबाड ठरलेल्या पालकाला हप्त्यांची साधी सवलतही नाकारली जाई. घरे गेली, संसार मोडले, आणि अडचणीत आलेल्या ह्या कुटुंबांतील हजाराहून अधिक मुले सरकारी हुकुमाने घराबाहेर ठेवली गेली.

आता हे उघडकीस कसे आले, ते क्रमाने पाहू. कारण आमच्या मते सारे मर्म ह्या क्रमात आहे.

२०१४ मध्ये आइंडहोव्हनच्या एका संस्थेमार्फत मुले सांभाळावयास देणाऱ्या सुमारे ३०० कुटुंबांचे अनुदान एकदम थांबले. एव्हा गोन्झालेझ पेरेझ ह्या वकीलबाईंनी त्यांची बाजू घेऊन दाद मागण्यास आरंभ केला. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय लोकपालांनी अहवाल देऊन खात्याचे वर्तन अन्यायाचे ठरवले. त्याच वर्षी खात्याच्याच कायदा सल्लागार सांड्रा पाल्मेन ह्यांनी, आपले चुकले आहे, पालकांना भरपाई द्यावी, असे लेखी कळवले होते. ते टिपण दप्तरात गडप झाले, आणि संसदेपुढे आले ते २०२० मध्ये. दरम्यान दैनिक 'त्राउ' आणि आरटीएल वृत्तसंस्था ह्यांचे वार्ताहर खणत राहिले. संसदेत पीटर ओम्टसिख्ट आणि रेन्स्के लेइटेन हे दोन सभासद प्रश्नांमागून प्रश्न विचारत राहिले. त्यांतील पहिले तर सरकारपक्षाचे होते. २०१९ च्या अखेरीस पालकांच्या हाती त्यांच्या प्रकरणांची कागदपत्रे पडली, ती पानेच्या पाने काळी फासलेली!

त्याच २०१९ च्या ऑक्टोबरात राज्यपरिषदेने आपला जुना अर्थ मागे घेतला. जुलै २०२० मध्ये माहितीसंरक्षण प्राधिकरणाने राष्ट्रीयत्वाचा हा वापर बेकायदा आणि भेदभावाचा ठरवला. डिसेंबर २०२० मध्ये संसदेच्या चौकशी समितीचा अहवाल आला. त्याचे नावच 'अभूतपूर्व अन्याय' अशा अर्थाचे होते. समितीने केवळ खात्याला दोष दिला नाही; मंत्री, न्यायासन आणि स्वतः संसद ह्यांनाही तिने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. महिन्याभरात मंत्रिमंडळ गेले. प्रत्येक बाधित पालकास किमान ३० हजार युरो देण्याचे ठरले, आणि पुढे ३० हजारांहून अधिक पालक बाधित म्हणून मान्य झाले. मात्र राजीनामा म्हणजेच प्रायश्चित्त, असे समजू नये. मार्च २०२१ च्या निवडणुकीत रुटे ह्यांचाच पक्ष पहिला आला, आणि जानेवारी २०२२ मध्ये तेच पुन्हा पंतप्रधान झाले.

ह्याला समांतर अशी दुसरी कथा आहे. निरनिराळ्या खात्यांतील माहिती एकत्र करून संशयित घरे हेरणारी 'सिरी' नावाची एक सरकारी योजना तेथे होती. तिला २०१४ मध्ये कायद्याचा आधार मिळाला. ती गरीब वस्त्यांवरच रोखली गेली. काही नागरिक संस्था न्यायालयात गेल्या, आणि ५ फेब्रुवारी २०२० रोजी हेगच्या जिल्हा न्यायालयाने निकाल दिला की, यंत्रणा कशी चालते हे कोणालाच तपासता येत नसल्यामुळे युरोपीय मानवाधिकार कराराने दिलेल्या खाजगी जीवनाच्या हक्काचा येथे भंग होतो. लबाडी शोधण्यास न्यायालयाची हरकत नव्हती. अंधारात शोधण्यास होती.

ह्या धक्क्यांनंतर त्या देशाने पुष्कळ केले. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारी संगणकीय पद्धतींची सार्वजनिक नोंदवही उघडली. कोणाही नागरिकाने ती पाहावी. २०२३ पासून माहितीसंरक्षण प्राधिकरणात ह्या विषयासाठी निराळा विभाग बसला. राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी जमाखर्च तपासावा तशा ह्या पद्धती तपासण्यास सुरुवात केली. देशांची यादी करणाऱ्यांनी कायदे व धोरणे, सरकारची प्रत्यक्ष कृती, आणि सरकारबाहेरील संस्थांचे काम, अशा तीन अंगांनी पुरावे गोळा केले होते. त्या दृष्टीने हॉलंड वर आला, ह्यात नवल नाही. परीक्षकांची लबाडी नव्हती. मापच त्या प्रकारचे होते.

परंतु त्याच लेखापरीक्षकांचे आकडे पाहा. २०२२ मध्ये त्यांनी ९ पद्धती तपासल्या. त्यांतील ६ मूलभूत कसोट्यांस उतरल्या नाहीत. २०२४ च्या ऑक्टोबरात त्यांनी ७० सरकारी संस्थांकडे चौकशी केली, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ४३३ यंत्रणा आढळल्या. त्यांपैकी अर्ध्याहून अधिकांच्या बाबतीत धोका किती, ह्याचा विचारच झाला नव्हता. आणि त्या सुरेख सार्वजनिक नोंदवहीत नोंद होती ती जेमतेम १०० पैकी ५ यंत्रणांची. यादीत पहिला आलेल्या देशाची ही स्थिती!

आणखी एक प्रकरण. विद्यार्थ्यांना वेतन देणारे सरकारी खाते २०१२ पासून, कोणता विद्यार्थी घरी राहून बाहेर राहत असल्याचे भासवतो, हे हेरण्यासाठी गुण देण्याची पद्धत वापरत होते. वय, शिक्षणाचा प्रकार, आईबापांच्या घरापासूनचे अंतर, एवढेच घटक त्यात. वंशाचा उल्लेख नाही, राष्ट्रीयत्वाचा नाही. तरीही परदेशांतून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांची मुले त्यात फार मोठ्या प्रमाणात सापडत होती. २०२३ मध्ये वार्ताहरांनी हे उजेडात आणले. २०२४ मध्ये मंत्र्यांनी क्षमा मागितली, आणि १० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांसाठी ६ कोटी १० लाख युरोंची तरतूद झाली. घटक निरुपद्रवी दिसले म्हणून निवाडा निरुपद्रवी होत नाही, हा ह्याचा धडा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जबाबदारी कोणत्या मापाने मोजावी? कायद्यांची संख्या मोजता येते, मंडळे मोजता येतात, नोंदवहीची पाने मोजता येतात. ती मोजावीतही. पण आम्ही ह्या इतिहासातून निराळे माप घेतो : पहिल्या माणसाने 'माझ्यावर अन्याय झाला' असे म्हटल्यापासून राज्याने 'होय, झाला' असे म्हणेपर्यंत किती काळ गेला? पाळणाघरांच्या प्रकरणी २०१४ ते २०२०, सहा वर्षे. 'सिरी'च्या बाबतीत कायद्यापासून निकालापर्यंत तितकीच. विद्यार्थ्यांच्या प्रकरणी पद्धत सुरू झाल्यापासून क्षमायाचनेपर्यंत बारा वर्षे. चूक न करणारे राज्य पृथ्वीच्या पाठीवर झाले नाही. पण चूक आणि कबुली ह्यांमधील अंतर हे मात्र राज्याच्या हातचे असते, आणि तेच त्याच्या चारित्र्याचे माप होय. त्या अंतरात कोणाचे बालपण जाते, कोणाचे घर जाते. ते दिवस कोणतीही भरपाई परत आणीत नाही.

आणि हे अंतर कमी कोणी केले, तेही पाहावे. यंत्राने आपली चूक आपण सांगितली नाही. ज्या अधिकारी बाईंनी सांगितली, त्यांचे टिपण दडपले गेले. अंतर कमी केले ते एका वकिलाने, काही वार्ताहरांनी, दोन लोकप्रतिनिधींनी, हिशोबनिसांनी आणि एका जिल्हा न्यायालयाने. कायदा हा बांध आहे. पण बांधाला भगदाड पडले हे पाहणारा राखणदार नसेल, तर बांध असून नसून सारखाच. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा मोठा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. त्याची परीक्षाही ह्याच मापाने होईल.

हे सारे दूरदेशीचे आहे असे समजून आपण निश्चिंत होऊ नये. तेलंगणात २०१६ पासून संगणकाच्या पडताळणीवरून लाखो शिधापत्रिका रद्द झाल्या. त्यांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणी करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये द्यावा लागला. येथेही अंतर सहा वर्षांचेच! आपल्याजवळ २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे, न्यायालये आहेत, वृत्तपत्रे आहेत. कचेरीच्या खिडकीतून 'संगणकाने नाव काढले आहे' असे उत्तर ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी तेथून परत न फिरता 'का काढले, आणि कोणी काढू दिले?' असे विचारणारा नागरिक निघाला, तरच त्या साधनांचा उपयोग. ह्या प्रश्नाला त्याच खिडकीत, त्याला समजेल अशा भाषेत, आणि मुदतीत जे राज्य उत्तर देईल, ते जबाबदार म्हणावे; मग यादीत त्याचा क्रमांक कितवाही असो.