गुणसूत्रांचीं टोंकें

देह नाशवंत आहे हें कोणास सांगावयास नको. परंतु देह ज्या सूक्ष्म पेशींचा बनलेला आहे, त्याहि स्वभावतःच नाशवंत आहेत काय, हा प्रश्न निराळा आहे. १९१२ सालीं न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत अलेक्सिस कॅरेल यानें कोंबडीच्या गर्भाच्या हृदयांतील पेशी कांचपात्रांत वाढविण्यास आरंभ केला, आणि त्या तीसांहून अधिक वर्षें वाढत राहिल्याचें जाहीर झालें. कॅरेल नोबेल पारितोषिकाचा मानकरी. त्यामुळें पेशी अमर आहे हें मत आप्तवाक्याप्रमाणें मान्य झालें. १९६१ सालीं फिलाडेल्फिया येथें लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनीं मानवी पेशी सुमारें ५० वेळां विभागून थांबतात असें दाखविलें, तेव्हां कोठें या मतास खरा धक्का बसला. कॅरेलच्या प्रयोगाची प्रचीति पुढें इतरांस आली नाहीं.

मग ही मोजदाद पेशींत ठेवतें कोण? आम्हांस नवल वाटतें तें हें कीं, या उत्तराचा पाया ज्यांनीं घातला त्यांचें लक्ष जरामरणाकडे नव्हतेंच. आनुवंशिक गुण वाहणारे धागे पेशीच्या केंद्रांत असतात, त्यांस गुणसूत्रें म्हणतात. हर्मन म्युलर यानें क्ष-किरणांनीं फळमाशीचीं गुणसूत्रें तोडून पाहिलीं. तुटलेलीं टोंकें एकमेकांस चिकटत. मूळचीं टोंकें मात्र चिकटत नसत. अर्थात् टोंक म्हणजे नुसता शेवट नव्हे, तो एक स्वतंत्र अवयव होय, असें ठरवून १९३८ सालीं त्यानें 'शेवट' व 'भाग' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यास 'टेलोमिअर' हें नांव दिलें. त्याच सुमारास अमेरिकेंत बार्बरा मॅक्लिंटॉक या विदुषीस मक्याच्या पेशींत आढळलें कीं, टोंक गमावलेलीं सूत्रें परस्परांस जुळतात, विभाजनाच्या वेळीं ओढाताण होऊन पुन्हां तुटतात, आणि हें चक्र चालूच राहतें. उपरण्याच्या दशांस गांठी नसल्या तर त्यांचा गुंता होऊन वस्त्र फाटावें, तसाच हा प्रकार.

१९७१ सालीं अलेक्सेई ओलोव्हनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञानें पुढचें पाऊल टाकिलें. मॉस्कोच्या भुयारी आगगाडीच्या स्टेशनावर त्यास सुचलें कीं, रुळाची नक्कल करीत जाणारें इंजिन स्वतःच्या खालच्या तुकड्याची नक्कल करूं शकणार नाहीं. तसेंच प्रत्येक विभाजनागणिक सूत्राचें टोंक झिजत असलें पाहिजे, आणि ही झीज हीच पेशीच्या आयुष्याची मोजणी होय. याची प्रचीति हळूहळू आली. १९७८ सालीं एलिझाबेथ ब्लॅकबर्न व जोसेफ गॉल यांस टेट्राहायमिना या डबक्यांतील एकपेशीय जीवाच्या टोंकांवर सहा रासायनिक अक्षरांचा एकच शब्द जपाप्रमाणें पुनःपुन्हां आलेला दिसला. जॅक शोस्टाक व ब्लॅकबर्न यांनीं १९८२ सालीं तीं टोंकें यीस्टच्या पेशींत घातलीं. तेथेंहि त्यांनीं रक्षणाचें काम केलें. १९८४ च्या नाताळच्या दिवशीं कॅरल ग्रायडर या विद्यार्थिनीस टोंकांची भर करणाऱ्या विकराची खूण मिळाली. त्याचें नांव टेलोमरेज. या तिघांस २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

१९९८ सालीं मानवी पेशींत हा विकर कार्यरत केला असतां त्या नेहमींची मर्यादा ओलांडून विभागत राहिल्या. अमृतच सांपडलें, असें कोणास वाटेल. परंतु कर्करोगाच्या शेंकडा सुमारें ८५ ते ९० अर्बुदांत हाच विकर जागा असतो! मरावयाचें विसरलेली पेशी देहासच मारते. वार्धक्य या एकाच कारणानें येतें असेंहि नाहीं. तेव्हां पेशीची मर्यादा हा केवळ शाप नसून देहाचें तें एक संरक्षणहि आहे, असें आम्हांस वाटतें. एका थोर नांवाच्या दबदब्यानें जो प्रश्न अर्धशतक झांकून ठेविला, त्याचें उत्तर माशी, मका आणि डबक्यांतील जीव यांनीं दिलें, हें वाचकांनीं विसरूं नये.