एकसुरी नाडी

नाडी एकसारखी चालावी, हे आरोग्याचे लक्षण होय, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु निरोगी हृदय लंबकाच्या तालावर चालत नाही. श्वास घेताना त्याचे ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. १८४७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी श्वासाबरोबर होणारा हा बदल फिरत्या नळकांड्यावर रेखून दाखविला. मेंदूपासून हृदयापर्यंत उतरणारा व्हेगस हा मज्जातंतू लगाम कधी खेचतो, कधी सैल सोडतो. त्याचाच हा खेळ.

१९२२ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा रुग्णावर यशस्वी उपयोग झाला आणि मधुमेही वर्षानुवर्षे जगू लागले. आयुष्य लांबले, तसे रोगाचे जुने घाव उघडे पडले. १९३६ मध्ये किमेलस्टील आणि विल्सन यांनी मधुमेह्यांच्या मूत्रपिंडातील विशिष्ट विकृती वर्णिली. साखरेचा तोच मारा मज्जातंतूंवरही होत होता. मात्र हृदयाकडे जाणारे तंतू झिजताना वेदनेची हाक देत नाहीत.

ही मूक हानी १९७३ मध्ये लंडनच्या व्हीलर आणि वॉटकिन्स यांनी नाडीवरून ओळखली. मज्जाविकार जडलेल्या मधुमेह्यांत श्वासाबरोबरचा चढउतार जवळजवळ नाहीसा झाला होता. एडिंबरोच्या यूइंग आणि क्लार्क यांनी साध्या चाचण्या रूढ केल्या. रुग्णाने मिनिटास सहा दीर्घ श्वास घ्यावेत. ठोक्यांच्या कमाल व किमान गतीत मिनिटास १५ किंवा अधिक फरक पडला तर ठीक, १० वा कमी असल्यास दोष. १९८० मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: लक्षणे असून चाचण्याही बिघडलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक पाच वर्षांत दगावले. कित्येकांचा अंत मूत्रपिंडे निकामी होऊन झाला, काहींचा अचानक.

मूत्रपिंडे थकली की रक्तात साचणारी विषे मज्जातंतूंना आणखी दुखावतात. कृत्रिम मूत्रपिंडाने शरीरातील पाणी काढले जात असता निरोगी मज्जातंतू रक्तदाब सावरतात. येथे सावरणाराच दुबळा असतो. म्हणून अशा रुग्णाला उपचार चालू असतानाच भोवळ येते.

झिजलेला तंतू पूर्ववत होणे कठीण. परंतु अमेरिका व कॅनडा येथील दीर्घ अभ्यासाने १९९३ मध्ये दाखविले की, इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या रुग्णांत साखर वेळीच आटोक्यात ठेवल्यास मूत्रपिंड आणि मज्जातंतू या दोहोंची हानी बरीच टळते. नाडी एकसुरी होण्यापूर्वीच तिच्याकडे लक्ष द्यावे, हा या इतिहासाचा बोध आहे.