राजाचे नमस्कार आणि आईचा थकवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरी सकाळ व्हायची ती वडिलांच्या नमस्कारांनी. पहाटे साडेपाचला माजघरात घोंगडी पसरल्याचा आवाज यायचा, मग दबक्या आवाजात सूर्याची नावं आणि त्या नावांच्या तालावर लांब सोडलेला श्वास. आम्ही मुलं पांघरुणात पडूनच मोजायचो. पंचवीस झाले की वडील उठायचे, आंघोळीला जायचे आणि दिवसभर शाळा, शिकवण्या, बाजारहाट करून रात्री दहा वाजताही ताजेतवाने असायचे. विचारलं, तर उत्तर ठरलेलं, "आम्ही औंध संस्थानातले."

वडिलांचं शिक्षण त्या संस्थानातल्या शाळेत झालं होतं. तिथे पाढे आणि नमस्कार यांतून कोणाचीच सुटका नव्हती. पुढे इतिहास शिकवता शिकवता मी या संस्थानाच्या मागे लागलो, त्याचं मूळ त्या घोंगडीत आहे. आज 'एनर्जी' हा शब्द मराठीत इतका रुळलाय की बिस्किटाच्या पुड्यावरही तो असतो. पण रोजच्या कामाला पुरेल एवढी ताकद अंगात कशी आणायची, या प्रश्नाला एका राजानं राज्यकारभाराचा विषय केलं होतं. ती गोष्ट आज सांगायची आहे.

औंध हे छोटं संस्थान. क्षेत्रफळ पाचशे चौरस मैलांच्या आसपास, गावं बहात्तर, आणि तीही सलग नाहीत. काही साताऱ्याकडे, काही कुंडल-आटपाडीकडे, काही थेट विजापूरजवळ गुणदाळला. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले आणि संस्थान विलीन होईपर्यंत तेच राजे होते. माणूस बहुरंगी. चित्रं काढायचे, कीर्तन करायचे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी मोठी देणगी दिली, लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान दिलं. औंधच्या डोंगरावरचं संग्रहालय ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना या माणसाच्या हौसेची कल्पना येईल.

पण सगळ्यांत मोठी हौस व्यायामाची. आणि गंमत बघा, सूर्यनमस्काराचा हा प्रचारक सुरुवातीला सँडोचा भक्त होता. युजेन सँडो हा त्या काळचा जगप्रसिद्ध बलवान. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानातही खेळ करून गेला. त्याची पुस्तकं आणि साधनं मागवून सुशिक्षित तरुण घरात दंड फुगवत असत, त्यांत आमचे बाळासाहेबही होते. बरीच वर्षं त्यांनी ती पद्धत नेमानं केली. पुढे मिरजेच्या राजेसाहेबांच्या उदाहरणावरून ते नमस्कारांकडे वळले आणि मग शेवटपर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत.

नमस्कार आपल्याकडे नवे नव्हतेच. तृचाकल्पाचे नमस्कार घालणारे वैदिक होते, नवसाचे नमस्कार घालणाऱ्या बायका होत्या, आणि समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालत ही कथा तर घरोघरी ठाऊक होती. तालमीतले दंड वेगळे, देवापुढचे नमस्कार वेगळे. बाळासाहेबांनी या दोहोंची सांगड घातली. दहा स्थिती नेमक्या ठरवल्या, श्वास कुठे घ्यायचा, कुठे रोखायचा, कुठे सोडायचा हे बसवलं आणि ते शाळांत आणलं. पुढे मार्क सिंगल्टनसारख्या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की आज जगभरच्या योगवर्गांत जे सूर्यनमस्कार घालतात त्यांचा अलीकडचा इतिहास शोधत गेलं तर औंधला यावंच लागतं. १९३० च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यात कृष्णम्माचार्य योग शिकवत होते आणि तिथेच सूर्यनमस्काराचा वर्ग वेगळा भरत होता. म्हणजे तेव्हा ही दोन खाती निराळी होती!

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते बाळासाहेबांच्या इंग्रजी पुस्तकाचं नाव. सूर्यनमस्कार कशासाठी? तर आरोग्य, कार्यक्षमता आणि दीर्घायुष्य यांसाठी. त्यात मोक्ष नाही, कुंडलिनी नाही. कार्यक्षमता! कारकुनाला दुपारी पेंग येऊ नये, विद्यार्थ्याचं डोकं चालावं, बाईला घरकाम झेपावं, हा त्यामागचा हिशेब. या व्यायामाला लागतं काय? एक घोंगडी आणि माणूस आडवा होईल एवढी जागा. पहिलवानाला खुराक लागतो, दूध-बदाम लागतात, वस्ताद लागतो. इथे काहीच नको. आणि बायकांनीही नमस्कार घालावेत, असा त्यांचा आग्रह होता. राणीसाहेब स्वतः घालत. त्या काळच्या मानानं ही साधी गोष्ट नव्हती.

१९३६ मध्ये बाळासाहेब इंग्लंडला गेले. अडुसष्ट वर्षांच्या या राजाचा उत्साह बघून 'न्यूज क्रॉनिकल'च्या लुईझ मॉर्गन या पत्रकार बाई चकित झाल्या. त्यांनी संपादित केलेलं नमस्कारांचं पुस्तक १९३८ मध्ये लंडनला निघालं. त्याच १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. आपल्या व्यायामाकडे गोऱ्या माणसानं वळून बघावं, याचं त्या पिढीला अप्रूप होतं आणि ते मी समजू शकतो.

नमस्कारांबरोबर बाळासाहेब आहाराबद्दलही सांगत. पीठ कोंड्यासकट, तांदूळ हातसडीचा, भाजीपाला भरपूर, आणि चहा-कॉफी-तंबाखू यांपासून लांब राहायचं. चहाशी त्यांचं वाकडं का, हे समजायला तो काळ डोळ्यांपुढे आणावा लागतो. आज आपल्याला चहा अनादी वाटतो, पण तो घरोघरी पोचवला गेला. १९०३ मध्ये चहाच्या प्रसारासाठी खास उपकर बसवण्यात आला. पुढे तीस-पस्तीस वर्षं फुकट कप वाटणं, चहा करून दाखवणं, स्टेशनांवर फलक लावणं असा धडाका चालला. थकलात? चहा घ्या! दोन पैशांत तरतरी विकणारा हा व्यापार आणि फुकटात तरतरी देऊ पाहणारा हा राजा, दोघे एकाच वेळी एकाच माणसाला बोलावत होते. कोण जिंकलं ते आपण दिवसातून तीनदा पाहतो.

कोंड्याच्या बाबतीत मात्र विज्ञान राजाच्या बाजूनं होतं. कून्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन या डॉक्टरनं मोठा मजेदार प्रयोग केला होता. उंदरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला हिंदुस्थानातल्या एकेका प्रांताचं जेवण दिलं. शीख जेवणावरचे उंदीर, म्हणजे गव्हाची पोळी, दूध-लोणी, डाळ, भाज्या खाणारे, सगळ्यांत धष्टपुष्ट निघाले. पॉलिश केलेल्या तांदळावर जगणारे मद्रासी गटातले उंदीर तळाला. मराठा जेवण तिसरं आलं. मला हे वाचून उगाचच बरं वाटलं होतं! तांदळाचा कोंडा काढून टाकला की बेरीबेरी जडतो, हे सूत्र जावा बेटावर आइकमननं हाती लावलं आणि त्याला १९२९ मध्ये नोबेल मिळालं. १९३४ पासून गांधीजींचा ग्रामोद्योग संघही वर्ध्याहून हातसडीच्या तांदळाचं सांगत होता. औंधचं म्हणणं एकाकी नव्हतं.

इथपर्यंत सारं छान आहे, आणि औंधवर लिहिणारे बहुतेक लोक इथेच थांबतात. मीही बरीच वर्षं थांबत होतो.

आता आटपाडीकडे चला. माणदेश. वर्षाला वीस इंच पाऊस पडला तरी नशीब समजायचं, अशी ही भूमी. औंधचा राजा याही भागाचा राजा. व्यंकटेश माडगूळकर इथले. त्यांची 'बनगरवाडी' १९५५ मध्ये पुस्तकरूपानं आली. धनगरांच्या वाडीत एक पोरसवदा मास्तर येतो. त्याच्या मनात येतं, की गावात तालीम हवी. लोक अंगमेहनतीनं ती उभी करतात आणि उद्घाटनाला खुद्द पंतसरकार वाडीवर येतात. कादंबरीतला तो सगळ्यांत आनंदाचा भाग. आणि त्यानंतर काय होतं? दुष्काळ पडतो. मेंढरं मरतात, माणसं गाव सोडतात, वाडी ओस पडते. तालीम उभी आहे, तिच्यात जोर काढायला माणूस नाही.

माडगूळकरांनी यावर एका शब्दाचंही भाष्य केलेलं नाही. पण मला ती कादंबरी वाचताना दरवेळी आमचे वडील आठवतात, आणि वडिलांपेक्षा आई.

आई कायम दमलेली असायची. दुपारची भांडी झाली की भिंतीला टेकून बसायची, जिना चढताना मध्ये थांबायची. वडिलांचं औषध एकच. "उद्यापासून बारा नमस्कार घाल. बघ कशी तरतरी येते." आईनं चार दिवस घातलेही. पाचव्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी येऊन ती घोंगडीवरच बसली. "अहो, मला नाही जमत," म्हणाली. वडिलांना तो आळस वाटला. ते वाईट नव्हते, पण स्वतःच्या अंगातली ताकद त्यांना स्वतःची कमाई वाटत होती. एका डॉक्टरांनी तर "या वयात बायकांना असं वाटतंच" म्हणून बोळवण केली. पुढे दोन वर्षांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात. बाईमाणसाला बारा तरी हवं.

आमच्या घरात दुष्काळ नव्हता. आई मात्र सगळ्यांच्या शेवटी जेवायची, उरलेलं जेवायची, चतुर्थी-एकादशी धरायची आणि भूक मारायला चहा प्यायची. वडिलांचा नेम ज्या ताकदीवर चालायचा, ती पहिल्या पंगतीला वाढलेली असायची. हे मला कळायला पन्नाशी उलटावी लागली. आणि हा आमच्या एका घरचा प्रश्न नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला.

म्हणून बाळासाहेब चुकले, असं मी म्हणणार नाही. उलट बसून राहणाऱ्या माणसाबद्दल ते अगदी बरोबर होते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठानं कायम थकवा जाणवणाऱ्या, पण आजारी नसलेल्या ३६ तरुण माणसांवर एक प्रयोग केला. आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं, सहा आठवडे व्यायाम. हलका व्यायाम करणाऱ्यांचा थकवा ६५ टक्क्यांनी कमी झाला, जरा जोराचा करणाऱ्यांचा ४९ टक्क्यांनी. प्रयोग छोटा आहे, पण विश्रांतीनं न जाणारा थकवा हालचालीनं जातो आणि त्यासाठी घाम गाळायची गरज नाही, हे त्यातून दिसतं. खुर्चीतल्या माणसाला दमायला झालं तर त्यानं उठावं. दिवसभर उभ्या असलेल्या, अर्धपोटी माणसाला दमायला झालं तर त्याचं ताट बघावं, रक्त बघावं. राजाच्या पुस्तकात आहाराची पथ्यं होती, पण घरात आधी कोण जेवतं हा प्रश्न त्या पथ्यांच्या पलीकडचा होता. तो राजाला पडला नाही आणि माझ्या वडिलांनाही पडला नाही.

चहाचं एक सांगायचं राहिलं. चहाबद्दलचा राजाचा राग नैतिक होता, व्यसन म्हणून होता. १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की जेवणाबरोबर घेतलेल्या चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. म्हणजे त्या रागाला एक कारण होतं, फक्त ते त्यांना ठाऊक असण्याची सोय नव्हती. आईला हे कोणी सांगितलं नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, रोज दोन. गोळीला पोटात मळमळतं म्हणून ती सकाळी आणि दुपारी ती चहाच्या घोटाबरोबर घ्यायची. तिचं रक्त भरायला वर्षाच्या वर लागलं. माजघरात वडिलांचे नमस्कार तेवढा काळ नेमानं चालूच होते.