गोल्फ मैदानांची (पक्षपाती) क्रमवारी : मुंबई ते नाशिक

मंडळी, गोल्फ मैदानांची क्रमवारी लावणारे लोक ग्रीन, बंकर वगैरे बघतात. मी राहतो विरारच्या मनवेलपाड्यात, जिथे पोरं दोन बिल्डिंगमधल्या फटीत क्रिकेट खेळतात. त्यामुळे माझा निकष एकच : आत कोणाला सोडायचे, आणि आज कोणाला सोडतात? अहो, 18 होलच्या कोर्सला 100-150 एकर जागा लागते, एवढं तर विचारणारच ना!

हा खेळ इंग्रजांबरोबर आला. कोलकात्यात 1829 मध्ये क्लब निघाला, मुंबईत 1842 मध्ये. गंमत म्हणजे स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स सार्वजनिक जमिनीवर आहे. रविवारी एरवी खेळ बंद, आणि गावातले लोक कुत्री घेऊन तिथे फिरायला येतात. आपल्याकडे खेळ तेवढा उतरला, हा मोकळेपणा बोटीतच राहिला :-)

तर शेवटून सुरू करतो. कुलाब्याचा यू. एस. क्लब चौथा. समुद्रकाठ झकास, पण हद्द लष्कराची, विषय संपला. जाणकार चेंबूरच्या 1927 च्या बॉम्बे प्रेसिडेन्सीला पहिला नंबर देतील. मी विलिंग्डनबरोबर त्याला तिसरा देतो.

विलिंग्डनची गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डनच्या हिंदी पाहुण्यांना गोऱ्यांच्या क्लबात अडवलं, म्हणून त्याने चिडून हा क्लब काढला, अशी कथा सांगतात. कथा सोडा, पण 1918 च्या या क्लबात हिंदी आणि युरोपियन एकत्र सभासद होते, हे त्या काळात मोठंच होतं. आज? तुम्ही-आम्ही सभासद होणं जवळपास अशक्य. रंगाचं कुलूप काढलं आणि वशिल्याचं लावलं, दुसरं काय.

दुसरा नंबर खारघरचा. सेंट्रल पार्कजवळ सिडकोने केलेला हा कोर्स सभासद नसलेल्यालाही पैसे भरून खेळू देतो. विरारहून पोचेपर्यंत अर्धा दिवस जातो ती गोष्ट वेगळी.

आणि पहिला? नाशिकचं गोल्फ क्लब मैदान! तिथे आज कोणी गोल्फ खेळत नाही, म्हणूनच पहिला. साहेबांच्या खेळाची ही जागा आता रणजी सामन्यांची, सकाळी चालायला येणाऱ्या आजोबांची आणि शाळकरी पोरांची आहे. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घालणाऱ्या अनंत कान्हेरेंचं नाव या मैदानाला दिलंय. 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली तेव्हा वय जेमतेम अठरा. मैदानाचं अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तर अजूनही 'गोल्फ क्लब'च.