वर्षाला एक भरती, एक ओहोटी

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. औंढा नागनाथहून पश्चिमेला सरळ रेघ ओढली तर अरबी समुद्र साधारण साडेचारशे किलोमीटरवर लागतो आणि पूर्वेचा उपसागर त्याहूनही लांब आहे. किनाऱ्यावरचं राष्ट्रीय उद्यान बघायचं म्हटलं, तर राज्यातही फारशी निवड नाही. महाराष्ट्राच्या सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी खाडीच्या पाण्याला टेकलेलं एकच, बोरिवलीचं संजय गांधी उद्यान. तेही नागला भागात, वसईच्या खाडीपुरतं. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याचा दर्जा मिळाला. देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान मात्र १९८२ मध्ये गुजरातेत, जामनगरच्या किनाऱ्याला झालं. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं विवर आहे, पण समुद्राशी त्याचं नातं पाणी खारट असण्यापुरतंच.

तरीही डिसेंबर-जानेवारीत हिंगोलीकर पाण्याच्या काठावर जातातच. औंढ्याला नागनाथाचं दर्शन, मग सिद्धेश्वर धरण, वेळ उरला तर येलदरी किंवा नर्सी नामदेव. शाळांच्या सहली याच वाटेनं जातात आणि हुरड्याला आलेल्या पाहुण्यांना दुपारी कुठं न्यायचं, याचं उत्तरही बहुधा हेच असतं. धरणाच्या भिंतीवरून समोर बघितलं की पलीकडचा काठ धुक्यात विरघळलेला, मधल्या पाण्यावर बदकांचे काळे ठिपके. हा काठ माणसानं केलेला आहे. त्याला साठ वर्षंही झालेली नाहीत.

त्याआधी इथं काय होतं? पूर्णा होती, पण ती हिवाळ्यापर्यंत आटत आलेली. महाराष्ट्रात पूर्णा नावाच्या नद्या एकाहून जास्त आहेत. विदर्भातून वाहत जाऊन तापीला मिळते ती वेगळी. ही पूर्णा अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते, जालना-बुलढाण्यातून खाली येते आणि परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहायचं आणि दिवाळी सरली की डोहाडोहांत तुटत जायचं, हा दख्खनच्या पठारावरच्या बहुतेक नद्यांचा स्वभाव हिचाही होता.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यात तलावांची काही कमतरता नव्हती. फक्त ते होते तेलंगणात. तिकडे ग्रॅनाइटचा खडक आणि उताराची जमीन, म्हणून काकतीयांच्या काळापासून पाखाल, रामप्पा अशा तलावांची परंपरा. मांजरा नदीवरचा निजामसागर १९३१ मध्ये पूर्ण झाला, तोही त्याच अंगाला. मराठवाड्याच्या वाट्याला बेसॉल्टचा खडक, त्यावर खोल काळी माती आणि विहिरी. काळ्या मातीत ओल टिकते, म्हणून रब्बीची ज्वारी पाण्यावाचूनही पिकते, आणि कदाचित म्हणूनच इथं मोठं पाणी अडवण्याची घाई कुठल्याच राजवटीला झाली नाही.

हिंगोलीत त्या काळी लष्कराची छावणी होती. हैदराबाद कंटिंजंटची ही छावणी १९०३ पर्यंत टिकली. पलटन, रिसाला, तोफखाना ही वस्त्यांची नावं शहरात अजून चालतात. छावणीतल्या साहेबांचा हिवाळा म्हणजे शिकारीचा मोसम. पक्षी बघायला म्हणून हिवाळ्यात हिंडणारा माणूस या राज्यात आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. १९३१-३२ मध्ये सालिम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. तिचे अहवाल पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात आले, त्यावर ह्यू व्हिसलर या इंग्रज अभ्यासकाची टिपणं होती. परभणी तेव्हा त्याच संस्थानातला जिल्हा आणि हिंगोली त्यातला तालुका. त्या पाहणीच्या काळात सिद्धेश्वरला आजच्यासारखं पाणी नव्हतंच. तिथं नदीचं पात्र होतं, काठची शेतं होती, गावं होती.

पाणी आलं ते दोन धरणांच्या जोडीनं. वर जिंतूर तालुक्यात येलदरी, खाली औंढा तालुक्यात सिद्धेश्वर. दोन्ही मिळून पूर्णा प्रकल्प. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबादमधून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६८ मध्ये दोन्ही धरणं पूर्ण झाली. मराठवाड्यातल्या पहिल्या मोठ्या पाटबंधारे प्रकल्पांत पूर्णेचं नाव येतं. पैठणचं जायकवाडी त्यानंतरचं. त्याची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी बसवली आणि उद्घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी केलं.

एकाच नदीवर पाठोपाठ दोन धरणं का? दोघांची कामं वेगळी आहेत. येलदरी साठवतं: एकूण सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर, त्यातलं सुमारे ८१० वापरता येण्याजोगं. तिथलं पाणी साडेसात मेगावॅटच्या तीन जनित्रांवरून खाली सुटतं, साडेबावीस मेगावॅट वीज देतं आणि सिद्धेश्वरच्या जलाशयात येऊन थांबतं. सिद्धेश्वर ते कालव्याला लावतं. मातीची ही भिंत सहा किलोमीटरहून लांब आहे आणि सांडव्याला चौदा दरवाजे आहेत. भिंतीपासून निघालेलं पाणी पाटाचाऱ्यांतून वसमत आणि पूर्णा तालुक्यांच्या काळ्या रानात जातं, पुढे नांदेडच्या अंगालाही. वसमतला पूर्णेच्याच नावाचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो या पाण्यावर. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या हळदीचं बरंचसं रान याच लाभक्षेत्रातलं.

आता सिद्धेश्वरचे आकडे जवळून बघण्यासारखे आहेत. एकूण साठा सुमारे २५१ दशलक्ष घनमीटर, उपयुक्त साठा फक्त ८१. उरलेलं १७० मृतसाठ्यात जातं, म्हणजे पाण्याचे तीनातले दोन हिस्से कालव्याच्या तोंडाखालीच. येलदरीत चित्र उलटं आहे. कारण साधं आहे. कालवा उताराच्या जोरावर दूरवर न्यायचा, तर त्याचं तोंड उंचावर ठेवावं लागतं. ते उंच राहावं म्हणून नदीचं पाणी आधी तेवढं वर चढवावं लागतं. सिद्धेश्वरनं मुख्यतः पाण्याची पातळी धरून ठेवायची, साठवणुकीचा भार येलदरीनं घ्यायचा, अशी ही वाटणी.

याचा परिणाम असा की वर्तमानपत्रात ‘सिद्धेश्वर शून्य टक्के’ असं छापून येतं त्या दिवशीही जलाशयात भरपूर पाणी असतं. कालव्याला ते मिळत नाही, पण हिंगोलीच्या नळाला मिळतं, कारण शहराची पाणीपुरवठा योजना इथूनच उचलते. बदकांना तर टक्केवारीशी देणंघेणंच नाही.

आणि तरी काठ हलतो. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, इथं वर्षातून एकदाच. जून ते सप्टेंबर पाणी चढतं. नोव्हेंबरपासून रब्बीसाठी कालव्याच्या पाळ्या सुरू झाल्या की ते उतरायला लागतं. काठाचा उतार इतका मंद असतो की पातळी हातभर खाली गेली तरी पाणी कितीतरी पावलं मागे सरकतं. मागे राहतो तो गाळ. पाण्यालगत बोटभर खोल चिखल, त्यात किडे, अळ्या, शिंपले. त्याच्या वर भेगाळायला लागलेला थर, आणि त्याहून वर, आधी उघड्या पडलेल्या ओलीवर, कुणीतरी हरभरा किंवा गहू टाकलेला. ही गाळपेर. मराठवाड्यातल्या धरणांच्या काठी ती जुनीच रीत झाली आहे. बुडीत क्षेत्रातली जमीन सरकारजमा झालेली, पण हिवाळ्यापुरती ती पाण्याखालून वर येते आणि हंगामापुरती कसायला दिली जाते. ज्यांची शेतं पाण्यात गेली, त्यांच्याच घरातली पुढची पिढी कधी कधी बापजाद्यांच्या रानावर असं हंगामी पीक घेते. धरणग्रस्तांच्या इतिहासात या गोष्टीला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

पक्ष्यांना हवा असतो तो नेमका हाच पट्टा. तुतारी, शेकाटे, धोबी चिखलात चोची मारत फिरतात. चक्रवाक जोडीजोडीनं उघड्या गाळावर उभे असतात, अंगाचा नारिंगी रंग सकाळच्या उन्हात लांबून ओळखू येतो. ते लडाख-तिबेटच्या सरोवरांकडून येतात. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो आणि जिथं उतरतो तिथल्या कोवळ्या हरभऱ्या-गव्हावर ताव मारतो. शेतकऱ्याला हा पाहुणा परवडत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर हिवाळा काढणारे कुरव पठारावरच्या मोठ्या जलाशयांवरही असतात, आणि रोहित तर उजनी-जायकवाडीवर आता घरचेच झाले आहेत. उथळ पाणी आणि पाण्याबरोबर सरकणारा चिखल असला की त्यांना चालतं. पाणी खारं की गोडं, हा प्रश्न माणसांनी केलेल्या वर्गवारीतला.

हे कुणी ठरवून केलेलं नाही. पाटबंधारे खात्यानं सिंचनासाठी भिंती घातल्या आणि अनवधानानं मध्य आशियातून येणाऱ्या पक्ष्यांची हिवाळ्याची सोय लावून दिली. वनखात्याला त्याची दखल मागाहून घ्यावी लागली. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला १९८६ मध्ये आणि पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव जाहीर झालं २०२० मध्ये. जायकवाडीचा नाथसागरही १९८६ मध्येच अभयारण्य झाला. आधी धरण, मग पक्षी, मग पक्षीमित्र, सर्वांत शेवटी अधिसूचना, हाच क्रम.

काठावर पहिला हक्क सांगणारे मात्र वेगळेच. भोई आणि इतर मच्छीमारांच्या सहकारी संस्था जलाशयात बीज सोडतात, कटला, रोहू, मृगळ धरतात. पहाटे जाळी काढायला निघालेली माणसं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून हातानं पाणी मारत पुढे जातात, आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर बदकांचा थवा न बिचकता तरंगत असतो. तोच थवा भिंतीवर गाडी थांबवून मोठ्यानं गाणी लावणाऱ्यांना मात्र फर्लांगभरावरूनच भितो. हिवाळी पर्यटनाची चर्चा करणाऱ्यांनी एवढा फरक ध्यानात घेतला तरी बरंच काम होईल.

गेल्या दोन दशकांत येलदरी-सिद्धेश्वरच्या जोडीच्या वरच्या बाजूला आणखी एक धरण आलं, बुलढाणा जिल्ह्यातलं खडकपूर्णा. तेव्हापासून येलदरी भरणं हे आधी वर किती अडलं, यावरही ठरतं. मधल्या कोरड्या वर्षांनंतर २०२० च्या पावसाळ्यात येलदरी भरलं तेव्हा परभणी-हिंगोलीत ती मोठी बातमी झाली. १९९९ मध्ये हिंगोली वेगळा जिल्हा झाल्यापासून ही जोडी दोन जिल्ह्यांत विभागली गेली आहे, म्हणजे वरचं पाणी परभणीच्या हद्दीत आणि कालव्याचं तोंड हिंगोलीच्या.

काठ कधी, किती मागे सरकणार हे पावसाळा संपल्यावर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. आधी पिण्याचं पाणी राखून ठेवायचं, उरलेल्यात रब्बीच्या किती पाळ्या बसतात ते बघायचं, मग उन्हाळी भुईमूग आणि उसाचा विचार. लोकप्रतिनिधी जादा पाळी मागतात, अभियंते साठ्याचा आकडा पुढे करतात, आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याची तक्रार दरवर्षी तीच असते की पाणी आमच्यापर्यंत पोचतच नाही. वरच्या पट्ट्यात मोटारी लावून पाणी उचललं जातं, चाऱ्या फुटलेल्या असतात, गवतानं भरलेल्या असतात. नोव्हेंबरात पहिली पाळी सुटायच्या आत तेवढी सफाई झाली, तर टेलपर्यंत गव्हाला पाणी मिळतं.